महापौराचं बटण कुठं होतं?

१५ जानेवारी २०२६ ला मुंबई महापालिकेचं मतदान झालं. दुपारी केंद्रावरून परत येताना जिन्यापाशी आमच्या मजल्यावरच्या मावशी भेटल्या. बोटावरची खूण दाखवत त्यांनी लगेच विचारलं, "काय रे, महापौराचं बटण कुठं होतं? मला एकच यंत्र दिसलं. एकदा दाबलं, पीं वाजलं, संपलं." मावशींचा धाकटा भाऊ चिपळूणला असतो. तिथे डिसेंबरात नगरपरिषदेची निवडणूक झाली. त्याने नगरसेवकांसाठी वेगळी बटणं दाबली होती आणि नगराध्यक्षासाठी वेगळं. "चिपळूणला मिळतं आणि मुंबईला मिळत नाही, हे कसं?"

मी जिन्यातच समजावायला लागलो आणि पाच मिनिटांत लक्षात आलं, की याचं उत्तर एका वाक्यात मावत नाही. त्यानंतर हाच प्रश्न मला ऑफिसात विचारला गेला, लोकलमध्ये कानावर आला, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही दिसला. टीव्हीवर "मुंबईचा महापौर कोण" याची चर्चा रात्रंदिवस चालू होती. महापौर ठरतो कसा आणि ठरल्यावर तो करतो काय, याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नव्हतं. मावशींना जे जिन्यात धड सांगता आलं नाही, ते इथे नीट सांगतो.

मत दिलं ते कुणाला?

आपण मत दिलं ते फक्त आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाला. मुंबईत २२७ प्रभाग आहेत आणि प्रत्येक प्रभागातून एकच नगरसेवक निवडून येतो. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. भागाकार केला तर एका प्रभागात सरासरी ५५ हजार माणसं येतात. चिपळूण शहराची वस्तीही त्या जनगणनेत साधारण तेवढीच होती. म्हणजे चिपळूणमध्ये जेवढ्या माणसांची मिळून अख्खी नगरपरिषद असते, तेवढ्यांच्या वाट्याला मुंबईत एक नगरसेवक येतो.

पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या नातेवाइकांनी त्याच दिवशी चार-चार मतं दिली असतील. तिथे एका प्रभागातून साधारणपणे चार नगरसेवक निवडतात. मुंबईचा कायदाच निराळा, थेट १८८८ सालचा. इथे एक मतदार, एक मत, एक नगरसेवक.

एक शब्दांचा घोळ आत्ताच सोडवून टाकतो, कारण पुढे तो आडवा येतो. आपण 'वॉर्ड' हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. मतदानासाठी पाडलेला भाग तो प्रभाग. ते २२७. पाणी, कचरा, गटारं आणि रस्त्यांच्या कामासाठी पालिकेने शहराचे जे मोठे तुकडे केले आहेत ते प्रशासकीय विभाग. त्यांना ए पासून टी पर्यंतची अक्षरं आहेत, उदाहरणार्थ जी दक्षिण किंवा एफ उत्तर. असे विभाग साधारण दोन डझन. आपण ज्याला 'वॉर्ड ऑफिस' म्हणतो ते या विभागाचं कार्यालय, आणि तिथला मुख्य अधिकारी म्हणजे सहायक आयुक्त. त्याला कुणी निवडून दिलेलं नसतं. एका विभागात अनेक प्रभाग असतात. त्यामुळे "आमच्या वॉर्डात काम होत नाही" असं कुणी म्हटलं, की नगरसेवक काम करत नाही की वॉर्ड ऑफिस, हे आधी विचारायला लागतं.

११४ चा आकडा

निवडून आलेले २२७ जण मिळून जे सभागृह बनतं, ते आपल्यातूनच एकाला महापौर निवडतं. मतदान हात वर करून, सगळ्यांच्या देखत होतं. मुदत अडीच वर्षं, म्हणजे पाच वर्षांच्या काळात साधारण दोन महापौर होतात. सभागृहात काही नामनिर्देशित सदस्यही असतात. लोक त्यांना 'स्वीकृत' म्हणतात. त्यांना बोलता येतं, पण मत देता येत नाही.

२२७ चा अर्धा म्हणजे एकशे साडेतेरा. म्हणून बहुमताचा आकडा ११४. यंदा भाजपचे ८९ आणि शिंदे यांच्या शिवसेनेचे २९ आले. बेरीज ११८. निकालाच्या रात्री सगळे चॅनल ज्या बेरजेमागे लागले होते ती हीच.

पण ११४ नसतानाही महापौर होतो, हे २०१७ ला दिसलं. त्या वर्षी शिवसेनेचे ८४ आणि भाजपचे ८२ निवडून आले. दोन जागांचा फरक, आणि दोघेही स्वबळावर बहुमतापासून लांब. काँग्रेसचे ३१ होते. शेवटी भाजपने महापौरपदाला उमेदवारच दिला नाही आणि सेनेच्या विश्वनाथ महाडेश्वरांच्या पारड्यात १७१ मतं पडली. त्यांच्या पक्षाला मुंबईकरांनी २२७ पैकी ८४ जागा दिल्या होत्या. उरलेली मतं पक्षांनी आपसात ठरवून दिली. यात बेकायदा काहीच नाही. पंतप्रधान आणि मुख्यमंत्रीही असेच ठरतात. फक्त मतदाराने हे ओळखून असावं, की त्याचं मत नगरसेवकापर्यंत पोचतं आणि तिथून पुढचा प्रवास पक्षाच्या हातात असतो.

निकाल लागल्या लागल्या सगळे नवे नगरसेवक कोकण भवनाकडे का धावतात, त्याचं उत्तरही इथेच आहे. पक्षाचा गट तिथल्या विभागीय आयुक्तांकडे नोंदवायचा असतो. नोंदणी झाली की १९८६ चा पक्षांतरबंदीचा कायदा लागू होतो. गटनेत्याने पक्षादेश काढला आणि नगरसेवकाने तो मोडला, तर त्याचं पद जाऊ शकतं. तरी लोक जातात. मनसेच्या सात नगरसेवकांपैकी सहा जण २०१७ च्या ऑक्टोबरात एकदम शिवसेनेत गेले. एवढे एकत्र गेले तर कायद्याची धार बोथट होते.

एकेका मताचं मोल दाखवणारी गोष्ट त्याच वर्षी गिरगावच्या बाजूला, प्रभाग २२० मध्ये घडली. भाजप आणि सेनेच्या उमेदवारांना ५,९४६ अशी अगदी सारखी मतं पडली. मग चिठ्ठी टाकली आणि ती भाजपच्या बाजूने निघाली. सेना ८४, भाजप ८२ या हिशेबात त्या एका चिठ्ठीचं वजन किती होतं ते बघा.

सोडत कसली असते?

महापौर कोण होणार याआधी कुठल्या प्रवर्गातून होणार, हे ठरतं. राज्यातल्या २९ महापालिकांच्या महापौरपदांसाठी नगरविकास विभाग सोडत काढतो. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग, सर्वसाधारण, आणि या सगळ्यांत निम्म्या महिला, अशी ती वाटणी असते. नगरसेवकांच्या जागांनाही हेच तत्त्व लागू आहे. मुंबईत २२७ पैकी ११४ जागा महिलांसाठी राखीव आहेत. निम्म्या जागांचा हा नियम २०१२ च्या निवडणुकीपासून लागू झाला.

"सोडतीत चिठ्ठी निघाली म्हणून कुणाला तरी संधी मिळाली," अशी कुरकुर मी बऱ्याचदा ऐकतो. मला ती पटत नाही. हे पद राखीव नव्हतं त्या काळात, १९५६ साली, सुलोचना मोदी मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. १९३१ ला महापौर हे नाव सुरू झालं, तेव्हापासून पंचवीस वर्षांनी. आपण वाट बघत बसलो असतो तर आजही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच झाल्या असत्या. सोडतीत एक खोट जरूर आहे. प्रभागाचं आरक्षण दर निवडणुकीला बदलतं, त्यामुळे चांगलं काम केलेल्या नगरसेविकेला पुढच्या खेपेला तोच प्रभाग मिळेल याची खात्री नसते. ज्या गल्ल्या तिने पाच वर्षं पायाखाली घातल्या, त्या दुसऱ्याच्या वाट्याला जातात.

मग शहर चालवतं कोण?

महापौर शहर चालवत नाही. शहर चालवतो आयुक्त. तो आयएएस अधिकारी असतो आणि त्याला राज्य सरकार नेमतं. कामगार आणि अधिकारी त्याच्या हुकमाखाली असतात, निविदा त्याची यंत्रणा काढते, अर्थसंकल्पही तोच मांडतो. पालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता, गोव्याच्या अर्थसंकल्पाच्या दुपटीहून मोठा.

मुंबईकराला हे समजायला आपली हाउसिंग सोसायटी पुरते. सभासद कमिटी निवडतात, कमिटी आपल्यातून चेअरमन निवडते. इथपर्यंत महापालिका अगदी तशीच. आता कल्पना करा, की सोसायटीचा मॅनेजर कमिटीने नेमलेला नाही. त्याला बाहेरून निबंधकाने पाठवलंय. वॉचमन, प्लंबर, लिफ्टवाला सगळे मॅनेजरचं ऐकतात. खर्चाचा अंदाज तो तयार करतो, टाकी साफ करायचं कंत्राट कुणाला द्यायचं याचा प्रस्तावही तोच आणतो. कमिटी प्रश्न विचारू शकते, खर्च मंजूर किंवा नामंजूर करू शकते. चेअरमन सभा चालवतो. १५ ऑगस्टला झेंडा तोच फडकवतो, पाहुणे आले की स्वागतही तोच करतो. पण लिफ्ट बंद पडली तर चेअरमनला मॅनेजरलाच फोन करावा लागतो, आणि मॅनेजरची बदली करणं त्याच्या हातात नाही.

कायद्यात एक वाट आहे. एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांश, म्हणजे किमान १४२ जणांनी ठराव केला, तर आयुक्ताला हटवता येतं. पण राज्यात आणि पालिकेत एकाच पक्षाची सत्ता असेल तर असा ठराव कुणी आणणार नाही, आणि वेगवेगळ्या पक्षांची असेल तर १४२ जुळणं मुश्कील.

ही रचना इंग्रजांनी का केली ते बघण्यासारखं आहे. १८६५ ला आर्थर क्रॉफर्ड मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर झाला. त्याने बाजार बांधला, रस्ते-गटारांची कामं काढली आणि खर्चावर कुणाचाच आवर राहिला नाही. कर भरणारे संतापले. मग १८७२ चा कायदा आला आणि करदात्यांना काही प्रतिनिधी निवडायचा हक्क मिळाला. १८८८ च्या कायद्याने घडी पक्की केली. त्यामागे फिरोजशहा मेहतांचं डोकं होतं. त्यांचा पुतळा आजही पालिका मुख्यालयासमोर उभा आहे. राबवणार अधिकारी, पैशावर नजर ठेवणार प्रतिनिधी, असं ते वाटप. मत फक्त करदात्याला होतं, तेव्हा ते ठीकही होतं. सगळ्या प्रौढांना मताचा हक्क मिळून पालिकेची निवडणूक झाली ती थेट १९४८ ला. मतदार बदलले, देश स्वतंत्र झाला, पण आयुक्ताची खुर्ची होती तिथेच राहिली.

महापौर म्हणजे नुसता मान?

नुसता नाही. सभागृहाचं कामकाज महापौर चालवतो. कुणाला बोलायला द्यायचं, हरकतीचा मुद्दा मानायचा की नाही, प्रशासनाकडून उत्तर मिळेपर्यंत विषय लांबवायचा का, हे त्याच्या हातात असतं. एखाद्या प्रश्नावर समान मतं पडली तर त्याचं मत निर्णायक ठरतं. पुरात, आगीत, दरड कोसळली की कॅमेरे त्याच्याकडे वळतात, आणि तिथे उभं राहून तो अधिकाऱ्याला चार लोकांसमोर जाब विचारू शकतो. मोठ्या मनाचा आणि अभ्यासू माणूस त्या खुर्चीवर असेल तर एवढ्यातही बरंच करता येतं. पण ते माणसावर अवलंबून आहे. कायद्याने त्याच्या हातात दिलेलं थोडंच.

खरी चावी स्थायी समितीकडे

एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर स्थायी समिती लक्षात ठेवा. २७ सदस्यांची ही समिती पालिकेची तिजोरी राखते. सदस्य पक्षांच्या संख्याबळाच्या प्रमाणात येतात आणि दर वर्षी त्यातले निम्मे निवृत्त होतात. ठराविक रकमेवरचं प्रत्येक कंत्राट आयुक्ताला या समितीपुढे आणावं लागतं. आयुक्ताचा अर्थसंकल्पही आधी इथेच येतो, मग सभागृहात जातो. म्हणूनच महापौरापेक्षा स्थायी समितीच्या अध्यक्षपदासाठी पक्षांची रस्सीखेच जास्त होते, आणि पालिकेत वर्षानुवर्षं वावरलेल्यांना त्याचं नवल वाटत नाही.

इथली भाषा शिकून घ्यावी, पेपरातल्या बातम्या मग आपोआप कळतात. प्रस्ताव 'राखून ठेवला' म्हणजे आज निर्णय नाही, प्रशासनाने अजून माहिती आणावी. 'फेरविचारासाठी परत पाठवला' म्हणजे प्रस्तावात खोट दिसली, बदलून आणा. 'दप्तरी दाखल' म्हणजे नामंजूर, फायलीत बंद. 'झटपट तहकुबी' म्हणजे एखाद्या प्रश्नावर संताप नोंदवण्यासाठी सभा तिथल्या तिथे थांबवणं. एखादं रस्त्याचं कंत्राट तीनदा राखून ठेवलं गेलं, तर समजावं की कुणीतरी त्यात बोट घातलंय. ते बोट शहराच्या भल्यासाठी घातलंय की स्वतःच्या, हे बातमी वाचून कळत नाही; प्रस्तावाचे कागद बघावे लागतात.

"नगरसेवक तर पैसे खातात, प्रशासकच बरा होता"

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळाला, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. स्थायी समितीत टक्केवारी चालते असे आरोप वर्षानुवर्षं झाले आहेत. ऐकून ऐकून लोकांचा जीव विटलाय.

पण काय झालं होतं ते आठवा. आधीच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. राज्यघटना म्हणते, की मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने हे लिहून ठेवलंय. तरी निवडणूक झाली नाही. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता, मधेच प्रभागांची संख्या २३६ करण्यात आली आणि नंतर पुन्हा २२७. मे २०२५ मध्ये न्यायालयाने निवडणुका घ्या असं बजावलं, तेव्हा कुठे चाक हललं. जवळजवळ चार वर्षं आयुक्त हाच प्रशासक होता. सोसायटीच्या भाषेत सांगायचं तर मॅनेजरच कमिटी झाला. कंत्राटाचा प्रस्ताव त्याच्याच यंत्रणेने करायचा आणि मंजुरीही त्यानेच द्यायची. अर्थसंकल्प मांडायचा त्यानेच आणि संमत करायचा त्यानेच.

त्या काळातली आमच्या गल्लीतली गोष्ट सांगतो. नळाच्या रांगेजवळच्या गटाराच्या चेंबरचं झाकण तुटलं होतं. लोकांनी त्यावर लाकडी फळी टाकली आणि ओळखायला फळीला लाल कापड बांधलं. मी विभाग कार्यालयात अर्ज दिला, पोच घेतली. परिरक्षण, म्हणजे देखभालीचं खातं म्हणालं हे मलनिःसारणवाल्यांचं, त्यांनी दुसऱ्या खोलीकडे बोट दाखवलं. नाक्यावर जुन्या नगरसेवकाच्या कचेरीची पाटी होती. त्यावर नावाच्या आधी 'माजी' असा शब्द नव्याने रंगवला होता, आणि शटर खाली. तो माणूस धुतल्या तांदळासारखा होता असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या काळात मुकादम सकाळी फोनवर यायचा, कारण सभागृहात नाव घेतलं जाईल अशी धास्ती होती. त्या फळीवर दोन पावसाळे गेले. सुदैवाने कुणी पडलं नाही.

पैसे प्रशासकाच्या काळात खाल्ले गेले की नाही, हे मी सांगू शकत नाही. एवढंच सांगतो, की नगरसेवकांच्या काळातले आरोप आपल्याला कळले ते विरोधी पक्षाचा कुणीतरी सभागृहात उभा राहून ओरडला म्हणून. ओरडणारी खुर्चीच रिकामी असली, तर शांतता म्हणजे कारभार स्वच्छ आहे असा अर्थ आपण काढू नये.

थेट महापौर का निवडू नये?

मावशींचा मूळ प्रश्न हाच. उत्तर प्रदेशात आणि मध्य प्रदेशात लोक महापौर थेट निवडतात. इंदूरचा मतदार महापौराला मत देतो. आपल्याकडे नगराध्यक्षांचं काय झालं ते बघा. २०१६ ला थेट निवड आणली, २०२० ला रद्द केली, २०२२ ला परत आणली. सरकार बदललं की नियम बदलला. मावशींच्या भावाला जे बटण मिळालं, ते या ये-जा करणाऱ्या नियमाच्या सध्याच्या फेरीत मिळालंय.

थेट निवडीच्या बाजूने मोठा मुद्दा असा, की शहराला एक चेहरा मिळतो. पाणी तुंबलं की कुणाला धरायचं ते लोकांना कळतं, आणि हॉटेलात नगरसेवक कोंडून ठेवायची वेळ येत नाही. विरोधातला मुद्दाही खराच आहे. थेट निवडलेला अध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, असं झालं की एकमेकांचे पाय ओढण्यात वर्षं जातात.

मला मात्र या दोन्हींच्या आधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: निवडून आणून त्याला देणार काय? आजचीच खुर्ची ठेवून महापौर थेट निवडला, तर एक कोटीहून अधिक मतदारांनी ज्याला निवडायचं, त्याला एका सहायक आयुक्ताची बदलीही करता येणार नाही. लोक त्याच्याकडे खड्डे घेऊन जाणार आणि तो आयुक्ताकडे चिठ्ठी पाठवणार. अशा माणसाला थेट निवडणं म्हणजे लोकांच्या अपेक्षा वाढवून त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवणं.

मुंबईने दुसरी एक वाट थोडा वेळ चालूनही पाहिली आहे. १९९८ ला 'महापौर परिषद' आणली. महापौर आणि त्याने निवडलेले काही नगरसेवक मिळून मंत्रिमंडळासारखं काम करतील आणि प्रशासनाचे अधिकार त्यांच्याकडे असतील, अशी ती पद्धत. कोलकात्यात ती कित्येक दशकं चालू आहे. मुंबईत एक वर्षही टिकली नाही. १९९९ ला गुंडाळली गेली, आणि त्यानंतर राज्यात कुठल्याही पक्षाचं सरकार आलं तरी ती परत आणायची निकड कुणाला वाटली नाही. कारण समजणं अवघड नाही. मुंबईच्या आयुक्ताची नेमणूक मंत्रालयातून होते. ती किल्ली स्वतःहून कोण सोडेल?

लंडनमध्ये कसं आहे?

लंडनचं उदाहरण नेहमी दिलं जातं, म्हणून थोडक्यात. लंडनचा मतदार २००० पासून महापौर थेट निवडतो आणि त्याच दिवशी २५ जणांची लंडन असेंब्लीही. १४ सदस्य मतदारसंघांतून येतात, ११ पूर्ण शहरातून पक्षांच्या मतांच्या प्रमाणात. म्हणून मतदाराला तीन मतपत्रिका मिळतात. बस, भुयारी रेल्वे, पोलिसांवर देखरेख, शहराचा आराखडा हे महापौराच्या हातात आहे. असेंब्ली त्याला प्रश्न विचारते, आणि दोन-तृतीयांश मतांनी त्याचा अर्थसंकल्प बदलू शकते. कचरा उचलणं मात्र त्याचं काम नाही; ते ३२ बरो, म्हणजे छोट्या पालिका, आणि जुन्या शहराची स्वतंत्र पालिका करते.

म्हणजे त्यांनी आधी शहराची कामं वाटून घेतली, महापौराला त्यातली मोठी दिली, आणि मग त्याचं बटण मतदाराला दिलं. मुंबईत लोकल गाड्या रेल्वे मंत्रालयाच्या, पोलीस राज्याच्या गृहखात्याचे, मेट्रो एमएमआरडीए आणि मेट्रो कॉर्पोरेशनची, झोपडपट्टी पुनर्वसन एसआरएचं, जुन्या उपकरप्राप्त इमारतींची दुरुस्ती म्हाडाकडे. पालिकेकडे पाणी, गटारं, कचरा, बरेचसे रस्ते, केईएम-नायर-सायन-कूपर ही रुग्णालयं, शाळा आणि बेस्ट. महापौर थेट निवडला तरी आपल्या गल्लीत मेट्रोने खणलेल्या खड्ड्याबद्दल त्याला विचारता येईलच असं नाही.

"आमदार आहे, खासदार आहे, मग नगरसेवक कशाला?"

मुंबईत ३६ आमदार आणि ६ खासदार आहेत. त्यातले पुष्कळ जण गटाराची आणि लाद्यांची कामं करून घेतात, फलक लावतात, म्हणून लोकांना वाटतं ते त्यांचंच काम. पण आमदाराने विधानसभेत कायदा करावा. मुंबईच्या आयुक्ताकडे किती अधिकार असावेत हा कायदा त्यानेच करायचा आहे, आणि नेमकं तेच त्याला कुणी विचारत नाही. पाण्याच्या वेळा, डेंग्यूची फवारणी, शाळेच्या छताची गळती यांचा जाब ज्या सभागृहात विचारता येतो, तिथे बसतो नगरसेवक.

म्हणून नव्या नगरसेवकाकडे जाताना नुसतं "साहेब, लक्ष असू द्या" म्हणून येऊ नका. तुम्ही स्थायी समितीत आहात का, नसाल तर कुठल्या समितीत, आपल्या विभागाच्या प्रभाग समितीची बैठक कधी आहे आणि तिथे आमचा विषय मांडाल का, हे विचारा. उत्तर मिळालं नाही, तरी समोरच्याला कळतं की या गल्लीला कामकाज कळतं.

मावशींना मी हे सगळं परवा चहा घेताना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे बटण मिळालं तरी वायरच जोडलेली नाही." आणि कपाटातून त्या चेंबरच्या अर्जाची पोच काढून माझ्यासमोर ठेवली. मी दिलेल्या अर्जाची प्रत त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती, तारखेसकट. नव्या नगरसेविकेची कचेरी उघडली की ती घेऊन जायचं ठरलंय, मावशी पुढे आणि मी मागे.